वाचकांचे प्रश्न : पोराच्या किडनीचं एक दार बंद आहे

प्रश्न : डॉक्टर बाई, नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. चार एकर कोरडवाहू शेती आहे, तूर आणि कपाशी घेतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. पाचव्या वर्षी त्याला पहिला मुतखडा झाला. त्यानंतर अजून दोनदा झाला. या उन्हाळ्यात नागपूरला दुर्बिणीने खडा काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी तो तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये ‘सिस्टीन’ आलं. ते म्हणाले, याची किडनी काही अमिनो ॲसिडं परत ओढून घेत नाही, याला जन्मभर भरपूर पाणी प्यावं लागेल. बाहेर रांग होती, मला पुढे विचारता आलं नाही. गावात कोणी म्हणतं, पोराचं प्रोटीन लघवीतून वाहून चाललं, डब्यातली पावडर चालू करा. कोणी म्हणतं, डाळ बंद करा. सासूबाई म्हणतात, हे खारपाणपट्ट्यातल्या पाण्यानं झालं. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत. एक पाहुणे जेवता जेवता बोलून गेले की नात्यात सोयरीक केली म्हणून झालं. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही. मला तीन वर्षांची मुलगीही आहे. किडनी ओढून घेते म्हणजे नेमकं काय करते, ते मला समजेल असं सांगा. आणि माझं काही चुकलं का, तेही सांगा.
— एक आई, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. पोटात असताना तुम्ही काय खाल्लं, त्याला कुठल्या हापशीचं पाणी पाजलं, कुठल्या महिन्यात उन्हात निंदण केलं, यातल्या कशानेही हा आजार होत नाही. याला सिस्टिन्यूरिया म्हणतात. तो जन्माच्या आधीच ठरलेला असतो. हे वाक्य घरात सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवा. आत्यांना तर नक्कीच.

आता किडनीचं काम. तुम्ही दिवाळीच्या आधी घर सारवताना काय करता? कणग्या, डबे, गोधड्या, भांडी, सगळं अंगणात काढता. मग लागेल ते एकेक करून आत नेता आणि जे नको ते अंगणातच राहू देता. किडनी हेच करते, फक्त वर्षातून एकदा नाही, दिवसरात्र करते. दोन्ही किडन्यांत मिळून सुमारे २० लाख बारीक गाळण्या असतात. रक्त त्यांच्यावरून जातं तेव्हा रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळं लहानसहान खाली गळतं. मोठ्या माणसात असं गळणारं पाणी दिवसाला सुमारे १८० लिटर भरतं. आरओच्या पाण्याचा २० लिटरचा कॅन तुमच्याकडे येतच असेल. तसे नऊ कॅन. आणि लघवी होते दीड लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात जातं.

या गाळणीला चांगलं-वाईट ओळखता येत नाही, तिला फक्त लहान-मोठं कळतं. रक्तपेशी मोठ्या, रक्तातली प्रथिनं मोठी, ती वर राहतात. मीठ, साखर, युरिया आणि अमिनो ॲसिड ही लहान, ती खाली उतरतात. अमिनो ॲसिड म्हणजे पोतीचा एकेक मणी समजा. वरणातलं प्रथिन ही पोत. पोटात तिचा दोरा तुटतो, मणी सुटे होऊन रक्तात येतात, आणि शरीर त्यांच्यापासून आपल्याला हव्या त्या नव्या माळा ओवतं. कुणाची माळ मांसपेशीत जाते, कुणाची केसांत, कुणाची नखांत.

दिवसभरात किती मणी गाळणीतून खाली पडतात, याचा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. मोठ्या माणसात सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे पाव किलो तुरीच्या डाळीत जेवढं प्रथिन असतं, जवळजवळ तेवढं. एवढं रोज लघवीतून गेलं असतं तर आपल्यासारख्या वरण-भाकरीवर जगणाऱ्या माणसाचं शरीर उभंच राहिलं नसतं. पण जात नाही. शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त मणी परत उचलले जातात, आणि तेही गाळणीच्या खाली लागूनच असलेल्या नळीच्या पहिल्या, वळणावळणाच्या भागात. त्या भागाच्या आतल्या पेशींना दात घासायच्या ब्रशसारखी दाट झालर असते. उचलायला जागा जास्त मिळावी म्हणून ती झालर.

उचलायचं कसं? पेशीच्या आत आधीच भरपूर अमिनो ॲसिड असतं, आणि भरलेल्या कोठीत अजून धान्य भरायचं तर जोर लागतो. तो जोर येतो मिठातल्या सोडियमपासून. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप असतो. तो एका फेरीत तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, आणि तो कधी थांबत नाही. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी, आणि नळीतलं सोडियम आत शिरायला टपलेलं. झालरीवरची बरीच दारं अशी घडवलेली आहेत की त्यांतून सोडियमला एकट्याने येता येत नाही. त्याने एका अमिनो ॲसिडचं बोट धरून आणलं तरच दार फिरतं. तुमच्या घरी लाइन असते तेव्हा मोटर टाकी भरून ठेवते, आणि मग लाइन गेली तरी नळाला पाणी येतं. इथे पंप म्हणजे ती मोटर आणि दार म्हणजे तो नळ. किडनी इवलीशी असूनही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा तिच्याकडे जातो. तिथे वापरला जाणारा प्राणवायू मोठ्या प्रमाणात याच पंपावर खर्च होतो.

सगळ्या अमिनो ॲसिडांना मात्र एकच दार नाही. प्रथिनं बनतात ती वीस जातींच्या मण्यांची, आणि दारं काही ठरावीक. एका दारातून साधे, विजेचा भार नसलेले मणी येतात, दुसऱ्यातून आम्लाच्या स्वभावाचे. तुमच्या मुलाचा संबंध तिसऱ्याच दाराशी आहे. त्या दारातून चौघं आत येतात : सिस्टीन, लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन. हे दार सोडियमवर चालत नाही, अदलाबदलीवर चालतं. विहिरीच्या चाकावरून टाकलेल्या दोराच्या दोन्ही टोकांना बादल्या बांधल्या की एक खाली जाते तेव्हा दुसरी वर येते. तसं, आतला एक साधा मणी बाहेर जातो आणि या चौघांपैकी एक आत येतो. बाहेर गेलेला साधा मणी वाया जात नाही, तो शेजारच्या सोडियमच्या दारातून परत येतो. आणि आत आलेल्या सिस्टीनचे लगेच दोन तुकडे होतात, कारण सिस्टीन हा मुळात गंधकाच्या टाक्याने जोडलेला जोडमणी असतो. आत जोडमणी साचत नाही, म्हणून बाहेरचा सतत आत येत राहतो.

या दाराचे दोन भाग आहेत. फळी आणि चौकट म्हणा. चौकट फळीला झालरीपर्यंत नेऊन बसवते. फळी बिघडली काय किंवा चौकट बिघडली काय, दार चालत नाही आणि चौघंही नळीतच राहून जातात. दोन्ही भागांचे नमुने वेगवेगळ्या जनुकांत लिहिलेले आहेत. म्हणून एकाच आजाराच्या दोन मुलांच्या तपासणीत वेगळी जनुकं निघतात आणि पालक गोंधळतात.

मग चौघांपैकी त्रास एकट्या सिस्टीनचाच का? कारण बाकी तिघं पाण्यात सहज विरघळतात आणि लघवीसोबत निघून जातात. सिस्टीन विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. साधारण लघवीच्या एका लिटरमध्ये ते जेमतेम २५० मिलिग्रॅम मावतं. त्यापेक्षा जास्त झालं की त्याचे स्फटिक बनतात, स्फटिकांचा खडा बनतो. धडधाकट माणसाच्या लघवीतून दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत जातं. हा आजार असलेल्या मोठ्या माणसाच्या लघवीतून ४०० मिलिग्रॅमहून जास्त जातं.

इथे थोडा जुना इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. १८१० मध्ये विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने मूत्राशयातला एक वेगळाच खडा तपासला. तो एका पाच वर्षांच्या मुलाचा होता. तुमच्या मुलाचा पहिला खडाही पाचव्या वर्षीचाच. वोलास्टनला त्यात सापडलेला पदार्थ म्हणजेच सिस्टीन. ग्रीक भाषेत मूत्राशयाच्या पिशवीला जो शब्द आहे त्यावरून पुढे हे नाव पडलं. हाच पदार्थ आपल्या केसांत भरपूर असतो, हे कळायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. १९०८ मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी जन्मजात रासायनिक दोषांवर व्याख्यानं दिली, त्यांत हा आजार होता. पण त्यांना वाटलं की शरीरात सिस्टीन जाळण्यातच काही बिघाड असावा. १९५१ मध्ये चार्ल्स डेंट आणि रोझ या संशोधकांनी दाखवलं की बिघाड किडनीत आहे. त्यांचा विचार साधा होता. शरीरात सिस्टीन तुंबलं असतं तर रक्तात वाढलेलं दिसलं असतं. रक्तात ते वाढलेलं नव्हतं. आणि लघवीत एकटं सिस्टीन नव्हतं, सोबत हे तिघंही होते. चौघांची घडण सारखी, म्हणजे चौघांची येण्याची वाट एक असणार आणि तीच बंद असणार. दार कुणी डोळ्यांनी पाहायच्या कितीतरी आधी नुसत्या लघवीवरून त्यांनी ते ओळखलं. याचा पक्का पुरावा पुढे किडनी बदललेल्या रुग्णांत मिळाला. दुसऱ्याची किडनी बसवली की त्या किडनीत सिस्टीनचे खडे होत नाहीत, कारण तिची दारं शाबूत असतात.

आता पावडर आणि डाळ. तुमच्या मुलाचं प्रथिन वाहून जात नाहीये. प्रथिन वाहून जाणं हा वेगळा आजार. त्यात गाळणीच फाटते, मोठाली प्रथिनं खाली येतात, लघवीला फेस येतो, पायांवर सूज येते. याची गाळणी चांगली आहे. वीस जातींतलं बहुतेक सगळं त्याची किडनी नीट परत घेते आहे. लायसिन आणि आर्जिनिन थोडं जातं खरं, पण त्याची कमतरता पडत नाही. आतड्यात हेच दार बंद असलं तरी तिथे दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे अख्खेच आत घेणारी दुसरी वाट असते. म्हणून अशी मुलं अंगाने चांगली वाढतात.

तेव्हा डब्यातली पावडर आणू नका. तिने सिस्टीनचा कच्चा माल वाढेल. शरीर मेथिओनिन नावाच्या दुसऱ्या गंधकाच्या मण्यापासून सिस्टीन बनवतं, आणि दूध-अंड्यांपासून बनवलेल्या पावडरींत मेथिओनिन भरपूर असतं. आणि डाळ तर अजिबात बंद करू नका. डाळींमध्ये मेथिओनिन मुळातच कमी असतं आणि लायसिन चांगलं असतं. वाढत्या वयाच्या पोराच्या ताटातलं वरण काढून घेणं हा या आजारावरचा सगळ्यात वाईट सल्ला आहे, मग तो कुणीही दिलेला असो. अंडं, मटण घरात होत असेल तर बेताने द्या, रोज ढीगभर नको. भाजी, फळं सढळ हाताने द्या. त्यांनी लघवीचा आंबटपणा कमी होतो.

खारपाणपट्ट्याच्या पाण्याबद्दल आत्यांचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, आणि ते पूर्ण बरोबरही नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अकोला-अमरावती-बुलडाण्यातल्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं आहे आणि किडनीच्या आजाराची धास्ती घराघरात आहे. मी स्वतः त्याच पट्ट्याच्या काठावर ३४ वर्षं दवाखाना चालवला. चहा फुटतो, डाळ शिजत नाही, हे रोजचं होतं. तुमच्या मुलाचं दार त्या पाण्याने बंद झालेलं नाही. पण ज्याचं दार बंद आहे त्याच्यासाठी ते पाणी वाईट, कारण सोडियम जास्त पोटात गेलं की लघवीतून सिस्टीनही जास्त पडतं. हे नीट सिद्ध झालेलं आहे. म्हणून याला धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी किंवा आरओचं पाणीच प्यायला द्या, स्वयंपाकही त्यातच करा. आणि मीठ कमी करा. आपल्याकडे जेवण तिखट असतं तसं खारटही असतं. ठेचा, लोणचं, पापड, वरून भुरभुरलेलं मीठ, दुकानातल्या कुरकुरीत पाकिटांची तर गोष्टच वेगळी. त्याच्या एकट्याच्या ताटात अळणी वाढलं तर तो दोन दिवसांत बंड करेल. घरातल्या सगळ्यांचंच थोडं कमी करा. खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पाजायचा घरगुती उपाय करू नका. त्याने लघवीचा आंबटपणा कमी होतो हे खरं, पण सोड्यातही सोडियमच असतं.

आणि पाणी. ताई, सगळं औषध एका बाजूला आणि पाणी एका बाजूला ठेवलं तर पाण्याचं पारडं जड आहे. हिशेब तुम्हीच करून बघा. समजा त्याच्या लघवीतून दिवसाला ५०० मिलिग्रॅम सिस्टीन जातं. एका लिटरमध्ये २५० मावतं. म्हणजे खडा होऊ द्यायचा नसेल तर दोन लिटर लघवी व्हायलाच हवी. त्याचा खरा आकडा चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीतून कळेल आणि त्याच्या वजनाप्रमाणे तुमचे डॉक्टर पाणी ठरवून देतील. साधारणपणे अशा नऊ वर्षांच्या मुलाला रोज निदान दोन लिटर पाणी लागतं, सिस्टीनचा आकडा मोठा निघाला तर त्याहून जास्त. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा घामावाटे जातं ते याच्या वर मोजा. लघवी दिवसभर पाण्यासारखी पांढरी दिसली पाहिजे. पिवळी दिसली की पाणी कमी पडलं.

सगळ्यात घातक वेळ रात्रीची. संध्याकाळी सातला शेवटचं पाणी, सकाळी सहाला उठणं, मधले अकरा तास लघवी घट्ट होत जाते आणि स्फटिक त्याच वेळात जमतात. झोपताना एक मोठा ग्लास पाणी आणि रात्री एकदा उठवून लघवी करवून परत एक ग्लास. मोबाइलला दोन वाजताचा गजर लावा. हे काम आत्यांना द्या, असं माझं मन सांगतं. मी एका घरात हे करून पाहिलं होतं. तिथली आजी मला दम द्यायची, “कायले पोराले रातीचं उठवता वो बाई, झोपू द्या ना त्याले.” तिला मी खडा हातात देऊन सांगितलं की हा रात्री वाढतो. पुढच्या वेळी तीच म्हणाली, “म्या उठवतो, मले तशीबी झोप नाई येत.” त्या मुलाला पुढची चार वर्षं तरी नवीन खडा झाल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही.

शाळेचंही बघा. पाण्याची बाटली चालते, पण लघवीला जाऊ देत नाहीत म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत. गुरुजींना डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन द्या आणि ‘विचारलं की लगेच सोडा’ एवढं एकच मागा.

औषधांत पहिलं पोटॅशियम सायट्रेट. ते लघवीचा आंबटपणा कमी करतं. लघवीचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा वाढला की आंबटपणा कमी) सात ते साडेसातच्या दरम्यान आला की सिस्टीन जास्त मावतं. पीएच मोजायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, घरी बघता येतं. फार वर नेऊ नका, मग दुसऱ्या जातीचे खडे होतात. पाणी आणि सायट्रेट पुरलं नाही तर टायोप्रोनिन किंवा पेनिसिलामिन ही औषधं देतात. ती सिस्टीनचा गंधकाचा टाका उसवतात आणि अर्ध्या मण्याला स्वतः चिकटतात. ही नवी जोडी पाण्यात सहज विरघळते. त्यांच्यासोबत रक्त-लघवीच्या तपासण्या वेळेवर कराव्या लागतात, म्हणून ती मनाने चालू-बंद करायची नाहीत. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं यांनी हा खडा विरघळत नाही. कढणात मीठ नसेल तर पाणी म्हणून प्यायला माझी हरकत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. कुशीत दुखून थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

नात्यातल्या लग्नाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण पाहुण्यांचं अर्धवट बोलणं घरात कुजत राहील. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. सहसा एक प्रत चांगली असली की दाराचं काम भागतं. तुम्ही आणि तुमचे मालक दोघांकडेही एक-एक बिघडलेली प्रत असणार, आणि तुम्हा दोघांनाही ते कळायचा काही मार्ग नव्हता. मुलाला दोघांकडूनही नेमकी बिघडलेलीच आली. अशी वेळ प्रत्येक बाळंतपणात चारातून एकदा येऊ शकते. तुमचे वडील आणि तुमच्या सासूबाई ही भावंडं. तेव्हा तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडची प्रत दोन्हीकडून खाली आली असण्याची शक्यता आहे. नात्यात लग्न झालं की अशा दोन प्रती एकत्र यायचा संभव वाढतो, हे खरं आहे आणि पुढच्या पिढीची सोयरीक ठरवताना ते लक्षात ठेवा. पण हा आजार जगभरात साधारण सात हजारांत एकाला होतो आणि त्यातल्या बहुतेकांचे आई-बाप नात्यातले नसतात. आणि अशा कुठल्या ना कुठल्या बिघडलेल्या प्रती आपल्या प्रत्येकाकडे असतात, त्या पाहुण्यांकडेसुद्धा. आत्यांनी भाचीला सून म्हणून मायेनं आणलं. त्या मायेला याचा दोष लावू नका.

मुलीची तपासणी करा. तिला काही होत नसलं तरी करा. लघवीतलं सिस्टीन मोजलं की कळतं. तान्ह्या बाळांची दारं अजून कच्ची असतात आणि अमिनो ॲसिड थोडं जास्तच गळतं, पण तीन वर्षांच्या मुलीत तो घोळ होत नाही. तिला आजार निघाला तर खडा होण्याच्या आधीच पाणी सुरू होईल. तिच्या भावाला ही संधी मिळाली नव्हती.

आता हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं का लिहिते आहे, ते सांगायला हवं. १९९१ च्या सुमारास माझ्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा यायचा. आई-बाप दोघंही कापूस वेचायला जायचे. चार वर्षांत त्याचे तीन खडे पडले. बापाने ते चुन्याच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले होते आणि दर वेळी मला उघडून दाखवायचा. पिवळसर, मेणचट, गुळाच्या चिक्कीच्या रंगाचे. मी पाहायचे आणि डबी परत द्यायचे. मुतखडा म्हणजे मुतखडा, पाणी पी, गोळ्या घे, असं सांगायचे. लहान मुलाला पुन्हा पुन्हा खडा होतो आहे, तर हा कशाचा आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. टपालाने खडा मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवता आला असता. तेही सोडा, मलेरियाच्या काचा बघायला माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. त्याची सकाळची पहिली लघवी एकदा काचेवर घेतली असती तर सिस्टीनचे स्फटिक दिसले असते. ते सहा कोनांचे असतात, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखे, दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. मी ते पाहिले, पण शहरातल्या डॉक्टरांनी निदान करून पाठवल्यावर. तोवर त्याची डावी किडनी आकसून गेली होती. बाप मला एक शब्दही बोलला नाही. फक्त डबी टेबलावर ठेवून गेला. ती अजून माझ्याकडे आहे.

तुमच्या नागपूरच्या डॉक्टरांनी खडा तपासायला पाठवला, म्हणून तुमच्या मुलाच्या आजाराचं नाव नवव्या वर्षीच कळलं. दोन्ही किडन्या चालू असताना. हा लेख वाचणाऱ्या कुणाच्या घरी लहान मुलाचा खडा पडला असेल, तर तो फेकू नका, धुऊन कागदात गुंडाळा आणि दवाखान्यात घेऊन जा. ताई, चोवीस तासांच्या लघवीचा रिपोर्ट आला की मला आकडा कळवा.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. उत्सर्जन संस्था शिकवताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, किडनी आधी सगळंच बाहेर कायले टाकते? फक्त घाणच टाकाची न.” मला उत्तर देता आलं नाही.
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. फक्त घाण निवडून टाकायची तर प्रत्येक घाणीसाठी वेगळं दार हवं, आणि शरीराला प्रत्येक घाण आधीपासून ओळखता यायला हवी. पण माणसाने उद्या नवीन कंद खाल्ला, नवीन औषध घेतलं, त्यातला पदार्थ शरीराने जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून किडनी उलटं करते. लहान असेल ते सगळं खाली सोडते आणि साखर, मीठ, अमिनो ॲसिड अशा ओळखीच्यांसाठीच दारं ठेवते. ज्याला दार नाही ते आपोआप बाहेर जातं. (काही ओळखीच्या विषारी पदार्थांना मुद्दाम बाहेर ढकलणारे पंपही नळीत असतात, पण ते वरच्या वर्गात सांगा.)

वर्गात करून दाखवायचं असेल तर दोन सुपांत तूर, हरभरा, ज्वारी आणि दहा-बारा जातींचे खडे, काड्या, बिया मिसळा. एका गटाला सांगा, जे नको ते वेचा. दुसऱ्याला सांगा, तूर, हरभरा आणि ज्वारी एवढंच उचला, बाकी राहू द्या. मग अर्ध्यात दोन्ही सुपांत मुलांनी कधी न पाहिलेली एखादी बी टाका आणि पहिल्या गटाचं काय होतं ते त्या मुलीलाच सांगायला सांगा.